संजयाचे डोळे

पायाळू माणसाच्या डोळ्यांत मंतरलेले अंजन घातले की त्याला भुईत पुरलेले धन दिसते, अशी समजूत आपल्याकडे खेडोपाडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून जगात आलेला तो पायाळू. त्याला हाताशी धरून रात्रीबेरात्री ओसाड वाड्यांतून हिंडणाऱ्या मंडळींच्या गोष्टी आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकल्या असतील. समजूत खरी की खोटी, हा प्रश्न आपण बाजूला ठेवू. तिच्यातल्या दोन गोष्टी मात्र विचार करण्याजोग्या आहेत. डोळ्यांना दिसते तेवढेच जग नाही, हे निरक्षर माणसालाही आतून पटलेले होते, ही एक; आणि झाकलेले पाहायचे तर त्याची किंमत मोजावी लागते, हेही तो जाणून होता, ही दुसरी. धनाच्या हंड्यावर नाग वेटोळे घालून बसलेला असायचाच, आणि हंडा उकरणाऱ्याच्या घराण्याला पुढे काही ना काही भोगावे लागायचेच. फुकट दिसणारे असे त्या गोष्टींत काहीच नसे.

ते अंजन आता माणसाला सापडले आहे. मौज अशी, की ते सापडले तेही डोळ्यांत घालायच्या डबीतच. सुरमा म्हणून जी काळी चकचकीत पूड ठिकठिकाणी डोळ्यांत घालतात, ती पुष्कळदा गॅलेना नावाच्या खनिजाची असते. गॅलेना म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग. प्राचीन इजिप्तमधले स्त्रीपुरुषही हेच खनिज घोटून डोळ्यांना लावीत. शिसे विषारी, म्हणून हा सुरमा मुलांच्या डोळ्यांत घालू नका, असे डॉक्टर आज बजावून सांगतात, आणि ते योग्यच आहे. परंतु याच खनिजाच्या अंगी एक विलक्षण गुण आहे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या जगदीशचंद्र बोसांनी गॅलेनाच्या खड्यावर धातूचे टोक टेकवून एक उपकरण तयार केले. विद्युत्-लहरी, प्रकाश किंवा अन्य कोणतेही किरण त्याच्यावर पडले, की त्यातून वाहणाऱ्या विजेत फरक पडे. ज्ञान विकायचे नाही अशा वृत्तीचा तो माणूस. पेटंट घेण्याची त्यांना मुळीच हौस नव्हती. भगिनी निवेदिता आणि श्रीमती सारा बुल यांनी आग्रह धरला, म्हणून १९०१ साली अमेरिकेत अर्ज गेला आणि १९०४ साली पेटंट मिळाले. बोसांनी त्यातून धंदा केला नाही. शतकानुशतके माणसाच्या डोळ्याबाहेर लावला जाणारा पदार्थ स्वतःच डोळा होऊ शकतो, हे मात्र त्यांनी दाखवून दिले.

हा डोळा पाहतो कसा, ते थोडक्यात सांगतो. धातूतून वीज सहज वाहते, काचेतून वाहत नाही. या दोहोंच्या मधला जो वर्ग, त्याला अर्धसंवाहक म्हणतात. अर्धसंवाहकातले इलेक्ट्रॉन जणू जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून असतात. तिथून त्यांना हलता येत नाही. प्रकाशाचा कण येऊन आदळला आणि त्याच्यात पुरेसा जोर असला, की इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो आणि मोकळा होतो. असे इलेक्ट्रॉन मोकळे झाले, की वीज वाहू लागते, आणि तेवढ्यावरून प्रकाश आला हे कळते. पायरीची उंची पदार्थागणिक निराळी. मोबाईलच्या कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनची पायरी बरीच उंच. म्हणून सुमारे १.१ मायक्रॉनपेक्षा लांब लहरींचा प्रकाश त्याच्या दृष्टीने नसल्यासारखाच. गॅलेनाची पायरी बुटकी. तिला ३ मायक्रॉनपर्यंतचा प्रकाश कळतो. आपला डोळा बिचारा ०.४ ते ०.७ मायक्रॉन एवढ्याच पट्ट्यात घुटमळतो.

एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. शिशाच्या संयुगाचा एखाददुसरा मायक्रॉन जाडीचा थर काचेवर चढवला, भांड्याला कल्हई चढवावी तसा, की डोळा तयार! थर याहून जाड करण्यात लाभ नाही. प्रकाश वरच्या वरच शोषला जातो आणि खालचा जाड भाग नुसती गडबड वाढवतो. पाहायला फार मोठे अंग लागत नाही, ही गोष्ट निसर्गालाही ठाऊक आहे. सह्याद्रीत बांबूच्या बेटांतून वावरणारा हिरवा चापडा घ्या. त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो, आणि त्या खळग्यात केसाहूनही पातळ पडदा ताणलेला असतो. काळोखात उंदीर जवळून गेला, की त्याच्या अंगच्या उबेने तो पडदा किंचित तापतो, आणि सापाला उंदराची जागा कळते.

ही ऊब म्हणजेही एक प्रकारचा प्रकाशच, हे माणसाला कळले १८०० साली. विल्यम हर्शेल या इंग्लंडमधल्या ज्योतिर्विदाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीही दिसत नव्हते, तिथे पारा अधिकच चढला. त्या अदृश्य किरणांना आज आपण अवरक्त किरण म्हणतो. या दिवाळीत अंगणात पणती लावाल, तेव्हा एवढे ध्यानात आणा, की तिच्या ज्योतीतून बाहेर पडणाऱ्या किरणांचा फारच थोडा अंश आपल्याला दिसतो. बाकीचा सगळा अवरक्त असतो. आपण ज्याला पणतीचा उजेड म्हणतो, ती तिच्या दानातली केवळ चिल्लर आहे. आणि पणतीच काय, तिच्याशेजारी रांगोळी घालणारी मुलगी, ओसरीवर बसलेले आजोबा, पायरीवर झोपलेले कुत्रे, ही सारीच आपापल्या उबेने काळोखात उजळलेली असतात. आपल्याला ते दिसत नाही, इतकेच.

आता ते दिसू लागले आहे. आणि इथूनच खरा प्रश्न सुरू होतो.

या कृत्रिम डोळ्यांच्या इतिहासातली दोन पाने शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिले पान सिलिनियमचे. १८७३ साली विलबी स्मिथ हा इंग्रज इंजिनियर समुद्राखालून जाणाऱ्या तारांची परीक्षा घेण्यासाठी सिलिनियमच्या कांड्या वापरीत होता. कांड्यांच्या पेटीचे झाकण सरकवले, की त्यांच्यातून जास्त वीज वाहे. झाकण लावले, की कमी. प्रकाशाने एखाद्या पदार्थाचा विजेला होणारा विरोध बदलतो, हे प्रथम लक्षात आले ते असे. पुढे चाळीस वर्षांनी, बर्मिंगहॅमच्या फूर्निये दाल्ब या शास्त्रज्ञाने याच सिलिनियमपासून ऑप्टोफोन नावाचे यंत्र बनवले. छापील अक्षरांवरून ते फिरवले, की प्रत्येक अक्षराचा निराळा सूर ऐकू येई, आणि आंधळ्या माणसाला साधे छापील पुस्तक कानांनी वाचता येई. मेरी जेम्सन नावाची एक अंध मुलगी ते शिकली. १९१८ सालच्या प्रयोगात तिला मिनिटाला जेमतेम एखादा शब्द वाचता येत होता. पुढे सरावाने तिने हा वेग पुष्कळच वाढवला.

दुसरे पान आपल्या सुरम्याचे. १९३३ च्या सुमारास बर्लिन विद्यापीठात एडगर कुट्शर यांनी शिशाच्या त्या संयुगाची अवरक्त किरण टिपण्याची शक्ती अभ्यासली, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन लष्कराने तिचा पाठपुरावा केला. युद्धानंतर अमेरिकेत विल्यम मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पदार्थाचा डोळा एका क्षेपणास्त्राच्या तोंडावर बसवला. शत्रूच्या विमानाच्या तापलेल्या नळकांड्याचा माग काढीत ते क्षेपणास्त्र त्याच्यावर जाऊन आदळे. त्याला नाव दिले साइडवाइंडर. साइडवाइंडर हा अमेरिकेतल्या वाळवंटातला एक साप. आपल्या चापड्यासारखाच त्यालाही खळगा असतो, आणि तोही उबेवरून भक्ष्य हेरतो. २४ सप्टेंबर १९५८ रोजी तैवानच्या सामुद्रधुनीवर या क्षेपणास्त्राने युद्धात प्रथमच विमाने पाडली.

एका डोळ्याने आंधळ्या मुलीला पुस्तक दिले. दुसऱ्याने आकाशातल्या माणसाचा जीव घेतला. आता कोणी म्हणेल, यात डोळ्याचा काय दोष? विळीने भाजी चिरतात आणि तिनेच माणसाचा गळाही चिरता येतो. म्हणून विळी वाईट ठरत नाही. हा युक्तिवाद जुना आहे आणि बव्हंशी खराही आहे. परंतु विळी आणि हा डोळा यांत एक फरक आहे, तो नजरेआड करून चालणार नाही. विळी चालवणाऱ्याला आपण काय चिरतो आहोत ते बघावेच लागते. तिला स्वतःला काही दिसत नाही, म्हणून माणसाला डोळे उघडे ठेवावे लागतात. या नव्या हत्याराचे मात्र तसे नाही. ते स्वतःच बघते, आणि म्हणून माणसाला डोळे मिटून घेण्याची सोय होते. क्षेपणास्त्र एकदा सुटले, की सोडणाऱ्याने मान वळवून परत फिरावे. पुढचे पाहण्याचे काम ते बोटाच्या नखाहून लहान असलेले काळे पटल करील.

आपल्या मराठी भाषेने या बाबतीत एक फार शहाणपणाचा भेद करून ठेवला आहे. ‘मला दिसले’ असे आपण म्हणतो, आणि ‘मी पाहिले’ असेही म्हणतो. ‘मला दिसले’ यात मी काही केलेले नसते. मला भूक लागते, मला ताप येतो, तसेच मला दिसते. खिडकी उघडी होती म्हणून शेजारच्या घरातले भांडण मला दिसले, यात माझा अपराध नाही. पण ‘मी पाहिले’ असे म्हणताच मी कर्ता होतो. भांडण दिसल्यावर खिडकीशी थांबून ते मी पाहिले की खिडकी लावून घेतली, की जिना उतरून ते सोडवायला गेलो, याचा जाब मला द्यावा लागतो. दिसण्यात पापही नाही आणि पुण्यही नाही. ती दोन्ही पाहण्यापासून सुरू होतात. यंत्राच्या बाबतीत सांगायचे तर, त्या पटलाला फार दूरचे, फार अंधूक, फार थंड असे सगळे दिसते. पण पाहता त्याला काहीही येत नाही. पाहण्याचा भाग आपल्याकडेच उरतो. आपली धडपड मात्र अशी चाललेली असते, की ‘मी पाहिले’ हे वाक्य बोलण्याची पाळीच येऊ नये. त्याच्या जागी ‘यंत्राला दिसले’ एवढे म्हणून मोकळे व्हावे.

ही धडपड नवी नाही. महाभारतात युद्धाच्या तोंडावर व्यास धृतराष्ट्राकडे येतात आणि म्हणतात, तुला हे युद्ध पाहायचे असेल तर मी तुला डोळे देतो. जन्मभर दृष्टीसाठी तळमळलेला तो राजा, त्याला नाही म्हणतो! आपल्याच कुळाचा संहार डोळ्यांनी पाहणे त्याला नको आहे. पण ऐकायचे मात्र सगळे आहे. तेव्हा ती दिव्य दृष्टी संजयाला मिळते. दिवसा घडलेले, रात्री घडलेले, उघड घडलेले, लपून घडलेले, सारे संजयाला दिसते, आणि राजवाड्यात बसून धृतराष्ट्र विचारीत राहतो, मग काय झाले? या प्रसंगाइतकी आजच्या माणसाची ओळख पटवणारी दुसरी गोष्ट मला ठाऊक नाही. धृतराष्ट्राचे आंधळेपण जन्माचे होते; त्याबद्दल त्याला कोणी बोल लावणार नाही. परंतु डोळे मिळत असताना ते नाकारून दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायचे, हा निर्णय त्याचा स्वतःचा होता. युद्ध थांबवू शकणारा माणूस त्या क्षणी युद्धाचा श्रोता झाला.

आणि तरी धृतराष्ट्राचे नशीब आपल्यापेक्षा बरे म्हणायचे. त्याचा संजय माणूस होता. तो नुसते वर्तमान सांगून थांबत नाही. राजा, हे तुझ्याच अपराधाचे फळ आहे, असे मधूनमधून तोंडावर सुनावतो. आपल्या काचेवरच्या संजयाला ते साधत नाही. उबेचा एक ठिपका हलतो आहे, एवढेच तो सांगतो. तो ठिपका हद्द ओलांडणारा चोर आहे, की रानात वाट चुकलेले पोर आहे, की प्राण वाचवण्यासाठी देश सोडून निघालेली बाई आहे, हे त्याला ठाऊक नसते. सदतीस अंशांची ऊब सगळ्यांची सारखीच.

एवढेच कशाला, जे नाही तेही तो सांगतो. हा डोळा पुरत्या काळोखात ठेवला, एकही किरण त्याच्यावर पडू दिला नाही, तरी त्यातून थोडी वीज वाहतच असते. शास्त्रज्ञ तिला काळोखातला प्रवाह म्हणतात. तिचे कारण डोळ्याची स्वतःचीच उष्णता. त्या उष्णतेच्या धक्क्याने काही इलेक्ट्रॉन आपोआप वरच्या पायरीवर चढतात, आणि बाहेर काहीच नसताना काहीतरी असल्याची वर्दी देतात. पायरी जितकी बुटकी, तितका हा घोटाळा मोठा. १९५९ साली इंग्लंडमध्ये माल्व्हर्न येथे पारा, कॅडमियम आणि टेलुरियम यांचा मिश्र अर्धसंवाहक तयार झाला. माणसाच्या अंगच्या उबेइतके मंद किरणही त्याला कळतात. परंतु त्यासाठी त्याला बहुधा द्रवरूप नायट्रोजनाइतके, म्हणजे शून्याखाली १९६ अंशांपर्यंत, थंड करावे लागते. दुसऱ्याची ऊब जाणून घ्यायची, तर आधी स्वतःची गरमी घालवली पाहिजे. रागाने लाल झालेल्या माणसाला समोरच्याचे खरे रूप दिसत नाही, हे आपल्या घरातली वडील मंडळी सांगत आली आहेत. त्यांना या प्रवाहाचे नाव ठाऊक नव्हते, एवढेच. शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा असा, की तो आधी काळोखातला प्रवाह मोजतो आणि मग तो एकूण आकड्यातून वजा करतो. न्यायाच्या खुर्चीवर बसणाऱ्याने, सासूने आणि संपादकानेही हे करून पाहायला हरकत नाही.

ही वजाबाकी राहून गेली, तर काय होते? २०२० आणि २०२१ च्या महामारीत बोटाला लावायचा चिमटा आपल्या घराघरांत आला. ऑक्सिमीटर हा शब्द आठवड्याभरात मराठी झाला. त्या चिमट्यात एका बाजूने तांबडा आणि एका न दिसणाऱ्या अवरक्त अशा दोन किरणांचा उजेड बोटातून जातो, आणि दुसऱ्या बाजूला अर्धसंवाहकाचा एक डोळा ते दोन्ही मोजतो. रक्तात प्राणवायू किती, याचे उत्तर त्या दोघांच्या प्रमाणात असते. ही युक्ती १९७४ च्या सुमारास जपानच्या ताकुओ आओयागी यांनी शोधली. १८ एप्रिल २०२० रोजी, सारे जग त्यांच्या चिमट्याकडे डोळे लावून बसलेले असताना, त्यांचे निधन झाले. त्या चिमट्याने किती जीव वाचवले, त्याची गणती नाही. परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. चिमटा ९२ ते ९६ असा समाधानकारक आकडा दाखवीत असताना रक्तातला खरा आकडा ८८ च्याही खाली होता, असे गोऱ्या रुग्णांच्या बाबतीत शंभरांत चारांहूनही कमी वेळा घडले. काळ्या रुग्णांच्या बाबतीत जवळजवळ बारा वेळा. कातडीतला काळा रंगही प्रकाश शोषतो, हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. असल्या यंत्राचा आकडा खऱ्या माणसांच्या बोटांवर ताडून बसवावा लागतो. त्या बोटांत काळी बोटे पुरेशी नसली, तर ती उणीव यंत्राच्या पोटात कायमची जाऊन बसते, आणि पुढे ते वर्षानुवर्षे निर्विकार चेहऱ्याने खोटे सांगत राहते. खोटे बोलण्याचा हेतू कोणाचाही नव्हता. कोणाच्या बोटाकडे पाहायचे राहून गेले, एवढेच झाले. पण प्राणवायूवाचून धडपडणाऱ्या माणसाला हेतूशी काय करायचे आहे?

माझ्या परिचयाच्या एका घरातली हकीकत सांगतो. आई सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी; मुलगा परदेशी. आई रात्री पडली तर कळावे, म्हणून मुलाने तिच्या खोलीत काळोखातही दिसणारा कॅमेरा बसवून घेतला. त्यात वाईट काही नव्हते, प्रेमच होते. काही दिवसांनी मुलाला दिसेनासे झाले. चित्र नुसते काळे. घाबरून त्याने फोन केला. आईने कॅमेऱ्यावर पंचा टाकला होता. मुलगा चिडला, तुझ्याच काळजीने लावलाय ना मी तो, म्हणाला. आई शांतपणे म्हणाली, “अरे बाळ, तू इथे असतास तर माझ्या खोलीत दार वाजवून आला असतास ना?” मुलाजवळ उत्तर नव्हते. पुढे कॅमेरा खोलीतून निघून मधल्या सोप्यात गेला, आणि रोज रात्री नऊ वाजता मुलाचा फोन येऊ लागला. पडल्याचे कळण्याची खात्री थोडी कमी झाली. आई कशी आहे हे कळण्याची मात्र वाढली.

त्या माउलीने जे सांगितले, ते मला फार मोलाचे वाटते. निसर्गाने आपल्याला डोळे दिले, तसे त्यांना झाकणही दिले. पापणी केवळ धुळीसाठी नसते. कोणी कपडे बदलत असता आपण नजर वळवतो, कोणाला रडू फुटले तर खाली पाहतो, पंगतीत कोणी अधाशासारखे जेवत असले तर दुसरीकडे बघतो. न पाहणे हीही माणसाची एक कृती आहे, आणि पुष्कळदा ती आदराची कृती असते. विलबी स्मिथच्या सिलिनियमला झाकण होते. ते सरकवायला माणसाचा हात लागे. आताच्या डोळ्यांना झाकणच नाही. ते रात्रंदिवस उघडे असतात, आणि त्यांच्यापुढे काय यावे हे त्यांना ठरवता येत नाही. म्हणून त्यांची पापणी आपल्यालाच व्हावे लागते. ही जबाबदारी यंत्राबरोबर विकत मिळत नाही, आणि ती दुकानदाराकडे परतही करता येत नाही.

परंतु याचा अर्थ पंचा टाकून सर्वच डोळे झाकावेत असा कोणी घेऊ नये. पाहणे टाळणे हेदेखील पाप असू शकते. गांधारीने डोळ्यांना बांधलेली पट्टी हस्तिनापुराच्या उपयोगी पडली, असे म्हणवत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. त्याच्या आदल्या रात्री समुद्रावर मिट्ट काळोख होता, पण इन्सॅट उपग्रहांच्या अवरक्त डोळ्यांना ते फिरते ढग स्पष्ट दिसत होते. थंड ढग आणि उबदार समुद्र यांतला भेद त्यांना रात्रीही कळतो. किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना वेळेवर हलवता आले. या डोळ्यांकडे पाठ फिरवणारा माणूस तत्त्वज्ञ ठरणार नाही. तो अपराधी ठरेल. मात्र इथेही कामाची वाटणी पाहण्यासारखी आहे. उपग्रहाला दिसले, वेधशाळेतल्या माणसांनी पाहिले, आणि पाहिलेल्याचा अर्थ लावून गावोगाव घरांची दारे वाजवावी लागली, तीही माणसांनाच. दिसण्यापासून दार वाजवण्यापर्यंतचा हा रस्ता जिथे माणसाने चालून पुरा केला, तिथे यंत्राचा डोळा वरदान ठरला. जिथे त्याने मध्येच खुर्ची टाकून ‘मग काय झाले?’ असे विचारायला सुरुवात केली, तिथे कुरुक्षेत्र झाले.

या डोळ्यांची संख्या वाढतच जाणार. ज्या शिशाच्या संयुगाला बोसांनी खड्याच्या रूपात हाताळले, त्याचेच आता इतके सूक्ष्म कण बनवतात, की कणाचा आकार बदलला की त्याला दिसणारा प्रकाशही बदलतो. अशा कणांच्या शोधाबद्दल २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले. हे कण शाईसारखे पसरून त्यांचा पातळ थर देता येतो. तेव्हा उद्या अवरक्त पाहणारा डोळा खेळण्याइतका स्वस्त झाला, तर नवल वाटायला नको. दुसरीकडे, पारा आणि कॅडमियमच्या त्याच घराण्यातले डोळे २५ डिसेंबर २०२१ रोजी सुटलेल्या जेम्स वेब दुर्बिणीबरोबर पंधरा लाख किलोमीटर दूर जाऊन, विश्वाच्या बालपणी निघालेला उजेड टिपीत बसले आहेत. शत्रू हुडकण्यासाठी ज्याचा विकास झाला, त्याच पदार्थाने आपल्याला सृष्टीची पहाट दाखवली. याला कोणी दैवाचा खेळ म्हणेल. मला तो माणसाच्या निवडीचा खेळ वाटतो. कारण डोळा कुठे रोखायचा हे दोन्ही वेळा माणसानेच ठरवले.

पायाळूच्या गोष्टीतला नाग खोटा असेल, पण किंमत खरी होती. आपल्या अंजनाची किंमत एवढीच, की जे दिसले ते आपण पाहिले, असे म्हणायची तयारी ठेवावी. बोटावरच्या चिमट्याचा आकडा असो, दारावरच्या कॅमेऱ्यातले चित्र असो, की दूरच्या कोणा देशात रात्रीच्या पडद्यावर हललेला उबदार ठिपका असो. त्याच्यापुढे बसलेल्या माणसाने ‘मला दाखवले गेले’ असे न म्हणता ‘मी पाहिले, आणि मग मी अमुक केले’ असे आपल्या तोंडाने सांगावे. व्यास अजूनही दारात उभे आहेत आणि तोच प्रश्न विचारीत आहेत. डोळे घेतोस का? घेतो म्हणायला धीर लागतो, कारण त्यानंतर संजयावर काही ढकलता येत नाही.